वाढत्या अंगाचा पंखा

ती. दाजींस,

साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार तुमच्या वयाला आणि नात्याला आहे, आणि तो पुरेपूर आहे. त्याच्या पुढचं सगळं मात्र खास तुम्हाला आहे.)

तुमची तब्येत बरी असेल, ताईचा गुडघा आता जिना चढण्याइतका झाला असेल आणि दुकानात शिवायच्या कापडांचे गठ्ठे छताला लागले असतील अशी आशा करतो. रक्तदाबाची गोळी सकाळी घेतलीत ना? रीत म्हणून विचारत नाही. घेतली नसेल तर पत्र बाजूला ठेवा, गोळी घ्या आणि मगच पुढे वाचा. उद्या कोणी म्हणायला नको की मेहुण्याने पत्र लिहून जावयाला आडवं केलं. इकडे आई खुशाल आहे. मी खुशाल नाही. का नाही, हे फोनवर सांगायचा मी खूप प्रयत्न केला, पण फोनवर तुम्ही "हां हां, कळलं" म्हणता आणि काय कळलं हे मी विचारायच्या आत फोन ताईकडे देता, आणि ताई गुडघ्याचं सांगायला लागते. म्हणून हे पत्र, आणि तेही घरी न पाठवता दुकानाच्या पत्त्यावर. तिथे ते तुम्हाला कोणाकडे देता येणार नाही.

आधी मुद्दा सांगतो, म्हणजे तुम्हाला मधेच "पण झालं काय?" असं विचारावंसं वाटणार नाही. बोटीची चाचणी झाली आणि आपली बोट नापास झाली. (तुम्ही स्वतः तिथे हजर होतात, पण तुम्ही हजर असणं आणि तुम्हाला कळणं यांचा फारसा संबंध नसतो हे मी आता शिकलोय.) आमच्या धक्क्यावरून पलीकडच्या धक्क्याला माणसं नेण्याचा परवाना एकाच बोटीला मिळणार आहे. पलीकडे दवाखाना आहे, शाळा आहे, कचेऱ्या आहेत, आणि अलीकडे ज्यांना तिथे जायचं ती सगळी माणसं आहेत. अट अगदी साधी आहे. आठ उतारू बसवायचे, पाण्याची ओढ कापायची आणि ठरलेल्या वेळात पलीकडे पोचायचं. याच परवान्याच्या भरवशावर मी छापखान्यातली नोकरी सोडली. छापखान्याच्या मालकांनी माझं स्टूल अजून कोणाला दिलेलं नाही. आल्यागेल्याला ते दाखवतात, की हे त्याचं स्टूल, येईल तो परत. त्यामुळे मला बाजारात जायला लांबचा वळसा घ्यावा लागतो. परवाना मिळाला नाही तर मला जाऊन त्या स्टुलावर बसावं लागेल, आणि तेव्हा मालक टोमणासुद्धा मारणार नाहीत, नुसतं फडक्याने स्टूल पुसून देतील. आणि हे सगळं कशामुळे, तर तुम्ही प्रेमाने आणलेल्या पंख्यामुळे.

बोटीच्या मोटरला पाण्याखाली बसवलेला जुना पंखा बुडालेल्या खांबाला लागला आणि त्याचं एक पातं वाकलं, इथपर्यंत माझं नशीब होतं. त्यानंतरचं सगळं तुमचं प्रेम. मी सरळ विचार केला होता, की जुन्या पंख्यावर कोरलेले आकडे उतरवून घ्यावेत, मोटरींच्या दुकानात जावं, किती माणसं न्यायची ते सांगावं आणि लागेल तो पंखा घ्यावा. पंख्यावर दोन आकडे असतात. पहिला म्हणजे पंख्याची रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दुसऱ्याला पिच म्हणतात. लाकडात स्क्रू पिळला की एका फेऱ्यात तो जसा थोडा आत जातो, तसा पंखा एका फेऱ्यात पाण्यात किती इंच पुढे घुसेल, तो हा आकडा. आकडा मोठा म्हणजे फेऱ्यागणिक पल्ला मोठा, पण मोटरला जोरही तेवढाच जास्त लावावा लागतो. सायकलचा मोठा गिअर सपाट रस्त्यावर छान वाटतो, पण मागे माणूस बसलाय आणि समोर चढ आहे म्हटल्यावर तोच गिअर मांड्या मोडतो. हे सगळं मी तुम्हाला पूर्वी एकदा हातवारे करून समजावलं होतं. तुम्ही लक्षपूर्वक माझ्या हातांकडे बघत होतात, आणि माझं बोलून झाल्यावर म्हणालात की काखेत जरा उसवलंय.

मी दुकानात जायच्या आदल्या दिवशी तुम्ही न कळवता आलात. काखेत कोटाच्या अस्तरात गुंडाळलेलं बोचकं होतं. त्यातून तुम्ही तो पंखा काढलात. स्टीलचा, चकचकीत, त्यात मला माझा चेहरा दिसत होता (तेव्हा तो आनंदी होता). शर्यतीच्या बोटी पळवणारं कोणी तुमचं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे तुम्ही "सगळ्यात भारी असेल तो" असा पंखा मागितलात आणि त्याने दिला. जुन्या पंख्यावर दुसरा आकडा तेरा होता. या पंख्यावर सतरा. रुंदी मात्र तुम्ही टेप लावून, छाती मोजतात तशी, मोजून घेतली होतीत आणि ती बरोबर होती, हे कबूल करतो. मी म्हटलं की दाजी, पिच चार इंच जास्त आहे. त्यावर तुम्ही जे बोललात ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या नापास होण्याचं मूळ त्यातच आहे.

"वाढत्या अंगाचं घ्यावं. मोठं असलं तर आवळता येतं, लहान असलं तर वाढवता येत नाही."

दाजी, बोट वाढत नाही. ती बांधली त्या दिवशी जेवढी होती तेवढीच आजही आहे. दर वर्षी रंग मीच लावतो, तेवढाच डबा पुरतो. आणि पंख्याच्या पात्यात शिंपी ठेवतात तशी आत माया सोडलेली नसते, की गरज पडली तर उसवून दोन इंच इकडे आणि दोन इंच तिकडे. तुमच्या या तत्त्वाखाली मी लहानाचा मोठा झालोय. शाळा संपताना तुम्ही शिवलेला शर्ट आज तिशीतही माझ्या खांद्यावरून ओघळतो. छापखान्यात पहिल्या दिवशी मी तुम्ही दिलेल्या पँटमध्ये गेलो तेव्हा मालकांनी आपुलकीने विचारलं, की वडिलांची का? मी कधी तोंडातून शब्द काढला नाही. ढगळ कपड्यांत माणूस फार तर हास्यास्पद दिसतो, तो पोटाला मुकत नाही. पंख्याचं तसं नाही.

आईने पंखा दोन्ही हातांनी घेतला, पदराने पुसला (तो आधीच चकचकीत होता) आणि जाहीर केलं की जावयांनी एवढ्या प्रेमाने आणलाय तर बोटीला हाच लागेल. जावयाने दिलेली वस्तू नाकारणं आमच्या घराला माहीत नाही. तुम्ही दिलेलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडून किती वर्षं झाली कोणास ठाऊक, ते तसंच आहे आणि वेळ आम्ही शेजाऱ्यांना विचारतो. त्यातून बोटीचे कागद आईच्या नावावर. तिची सही असल्याशिवाय बोट चाचणीला उभी करता येत नाही. मी गुमान पाना घेतला आणि तुमचा पंखा बसवला.

त्या संध्याकाळी आपण दोघं रिकामी बोट घेऊन निघालो. खोटं कशाला बोलू, बोट सुसाट गेली. तुम्ही पुढे बसून दोन्ही हातांनी केस धरले होतेत (जे आहेत ते) आणि वाऱ्यात काहीतरी ओरडत होतात. रिकाम्या बोटीत दोन माणसं बसणार असतील तर त्या पंख्यासारखा पंखा नाही. शर्यतवाल्याने तो त्यासाठीच घेतला असणार. पण उतारूंच्या बोटीत उतारू असतात, दाजी, हीच त्यांची खोड आहे. तुम्ही धक्क्यावर उतरून दिसेल त्याला सांगितलंत की मापात आपला हात कोणी धरणार नाही, मग घरी येऊन पोटभर जेवलात, आणि शेवटच्या बसने कीर्ती घेऊन निघून गेलात. पंखा मागे राहिला.

दुसऱ्या दिवशी मी आठ माणसं गोळा केली. मावशी सगळ्यांत पुढे, तिच्यामागे शेजारपाजार. आई काठावर. (आई बोटीत बसत नाही. पाण्यावरची हवा तिला सोसत नाही म्हणे. मी निघालो की मात्र ती माझा स्वेटर हातावर टाकून धक्क्यावर उभी राहते आणि मी परत येईपर्यंत तिथून हलत नाही.) बोट सुटली आणि मोटर कण्हायला लागली. भरलेली बोट आधी पुढचं टोक वर करते, मग जोर आला की मागचा भाग उचलला जातो आणि बोट पाण्यावर सपाट होऊन पळते. आपल्या बोटीने पहिला भाग व्यवस्थित केला आणि ती तिथेच अडली. रेस पूर्ण दिली होती. मावशीला पाणी दिसेना, नुसतं आभाळ दिसत होतं, आणि ती सारखी विचारत होती की आपण कुठे आलो. मागच्या बाकावरच्यांच्या चपला भिजल्या. सुरुवातीला मी काठाकाठानेच जात होतो, तर काठावरून पायी चाललेला पोस्टमन बराच वेळ आमच्या बरोबरीने चालत मावशीशी तिच्या पार्सलबद्दल बोलत होता. मग त्याला उशीर व्हायला लागला आणि तो पुढे निघून गेला.

आता खरी मजा. बोट पळत नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं, पण पंख्याचं नाव काढायची कोणाची छाती नव्हती. मेकॅनिक आला. याला आम्ही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण कोणत्याही प्रश्नावर त्याचं तेच उत्तर असतं. त्याने मागे वाकून पंखा पाहिला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाला की हा कोणी लावला. मला इतका आनंद झाला की मी त्याला मिठीच मारणार होतो. तेवढ्यात आई चहा घेऊन आली आणि म्हणाली की जावयांनी आणलाय. तो चहा प्याला, कप खाली ठेवला आणि म्हणाला की पंखा एक नंबर आहे, दोष प्लगमध्ये असणार. मग प्लग बदलले. कार्बोरेटर साफ झाला. इंधनाची नळी नवी आली. बोटीचा तळ मी पाण्यात उभा राहून घासला, कारण शेजाऱ्यांच्या मते शेवाळ होतं. (नव्हतं.) मग दोष उतारूंवर आला. मावशीला पुढून मागे बसवलं, मागून मधे बसवलं. पाण्याच्या बाटल्यांवर बंदी आली. एका गृहस्थांना छत्री काठावर ठेवून यायला सांगितलं, ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. सगळ्या जगाची झडती झाली, फक्त तुमचा पंखा तेवढा सोवळ्यात.

शेवटी मी मोटरीबरोबर आलेली पुस्तिका उघडली. त्यात सरळ लिहिलंय. नेहमीचा भार घ्या, पूर्ण रेस द्या आणि फेऱ्यांच्या मीटरचा काटा बघा. आपल्या मोटरचे फेरे मिनिटाला पाच ते सहा हजारांच्या मधे यायला हवेत. काटा खाली राहिला तर पिच जास्त झालं, कमी करा. काटा वर पळाला तर पिच कमी झालं, वाढवा. पिच एक इंच कमी केलं की साधारण दीड-दोनशे फेरे वाढतात. यात वाढत्या अंगाचा कुठेही उल्लेख नाही. नेहमीचा भार किती ते काढायला मी सगळ्यांना वजनं विचारली, ही माझी चूक. मावशीने सांगितलेलं वजन तिच्या लग्नाच्या वेळचं होतं. एकाने "चपला धरून की सोडून" असं विचारलं आणि दोन्हीही सांगितलं नाही. सगळी बेरीज केल्यावर असं दिसलं की आपली बोट पाण्याला न टेकता जायला हवी. मग मी कागद फाडला आणि तीच माणसं बसवून नुसता काटा बघितला. पूर्ण रेसवर काटा कसाबसा चार हजारांवर येऊन बसला, तो पलीकडच्या काठापर्यंत तिथेच. हिशेब माझ्या डोळ्यांसमोर उभा होता, हजारभर फेरे वाढवायचे म्हणजे पिच सहा इंच कमी. सतरा नको, तेरासुद्धा नको, आठ माणसांना अकरा हवा.

मी तुम्हाला फोन केला. आठवतंय? मी आकडे सांगितले, काटा सांगितला, पुस्तिकेचं पान वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात की नवं कापड आहे, दोन पाण्यातून निघालं की बसेल. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी "बरं" म्हटलं, कारण आई शेजारी उभी होती. तेवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरलो असतो. पण तुम्ही मला न सांगता त्या 'होऊन जाईल'ला निरोप दिलात की पाती कडेने थोडी आवळून घ्या, आणि तो सकाळी कानस घेऊन आला. मी त्या पंख्यावर आडवा पडलो, दाजी. जो पंखा मला डोळ्यांसमोर नको आहे त्याला वाचवायला मी जमिनीवर लोळलो. (घासलेला पंखा थरथरतो आणि मोटरचा दांडा खराब करतो, म्हणून. प्रेमाने नाही.)

मग मी तुमच्या आणि आईच्या चोरून एक गोष्ट केली आणि तिची मला जराही लाज वाटत नाही. मोटरींच्या दुकानातून अकरा पिचचा साधा, ॲल्युमिनियमचा, राखाडी पंखा वापरून बघायला म्हणून आणला. उजाडता उजाडता, आई उठायच्या आत, शेडमध्ये बसवला. तीच आठ माणसं, तेच बाक, तीच मोटर, मावशी पुन्हा पुढे. मी रेस दिली. मोटरचा आवाज बदलला. काटा चारच्या पुढे गेला, साडेचार, पाच, आणि पाचच्या थोडा वर जाऊन स्थिर राहिला. बोटीचं पुढचं टोक खाली आलं, मागचा भाग उचलला गेला आणि आपली बोट पाण्यावर उठली. मावशी म्हणाली, "अगं बाई, किनारा तर जवळच आहे की." दाजी, मी तुम्हाला खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. रोज सकाळी मी हे करणार, शाळेच्या वेळेला पोरं नेणार, आजारी माणसं नेणार आणि मला कोणाच्या स्टुलाची गरज लागणार नाही, असं मला त्या पाण्यावर पहिल्यांदा खरं वाटलं. मी सगळ्यांना शपथा घातल्या की घरी बोलायचं नाही. पण मावशीच ती. मी बोट बांधून घरी पोचतो तर आईला सगळं माहीत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती एवढंच बोलली, "जावयांचा पंखा परत लाव. नाहीतर मी सही करणार नाही."

मी पुन्हा तुम्हाला फोन केला. म्हटलं दाजी, आईला एक वाक्य सांगा, की पंखा बदलला तर माझी हरकत नाही. तुम्ही म्हणालात की आईंच्या शब्दापुढे मी काय बोलणार. मी आईकडे गेलो, तर आई म्हणते जावयांच्या शब्दापुढे मी काय बोलणार. तुम्ही दोघं एकमेकांच्या शब्दामागे लपून बसलात आणि मधे मी हातात पाना घेऊन उभा. चाचणीला तुमचा सतराचाच लागला.

चाचणीचं काय सांगू. दुसरा उमेदवार गॉगलवाला, त्याची मोटर सुरूच झाली नाही. दोरी ओढून ओढून तो बिचारा खाली बसला. म्हणजे नुसतं वेळेत पलीकडे पोचलो असतो तरी परवाना आपला होता. तपासणीचे साहेब पलीकडच्या धक्क्यावर घड्याळ घेऊन थांबले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते घड्याळ खिशात ठेवून कोणाशी तरी घराच्या रंगाबद्दल बोलत होते. नापास. आणि मग तुम्ही, माझे सख्खे दाजी, नवा कोट घालून पुढे झालात आणि साहेबांना म्हणालात की पंखा उत्तम आहे हो, मोटर जरा म्हातारी आहे. माझ्या मोटरीवर आळ घेतलात. ज्या मोटरने तुमचं ते लोढणं ओढत आठ माणसं पलीकडे नेली, तिच्यावर. मी बोट बांधायला वळलो, कारण माझ्या तोंडातून जे येत होतं ते ताईच्या नवऱ्याला बोलण्यासारखं नव्हतं. घरी येऊन तुम्ही दोनदा भात मागून घेतलात. त्या रात्री आई मलाही आग्रह करकरून वाढत होती आणि भांडी घासताना चक्क गुणगुणत होती. माझं दुःख हलकं व्हावं म्हणून बिचारी करत असेल. घरात माझं दुःख कळणारं तेवढं एकच माणूस आहे.

तर दाजी, आता माझं ठरलंय. यापुढे तुम्ही मला काही देऊ नका. शर्ट नको, पँट नको, सल्ला नको, पंखा तर नकोच नको. तुम्ही आलात तर मी उठून नमस्कार करीन, पाणी देईन आणि शेडमध्ये निघून जाईन. तुमचा माझा संबंध आता फक्त ताईपुरता. हे मी रागाच्या भरात लिहीत नाहीये. रागाच्या भरात लिहिलं होतं ते पत्र मी फाडून टाकलं, हे शांतपणे लिहिलेलं आहे.

ताईला नमस्कार.

आपला (नाइलाजाने),
मेहुणा

ता. क. साहेबांनी दोन्ही बोटींना शेवटची संधी म्हणून येत्या शनिवारची तारीख दिली आहे. तुम्ही शुक्रवारी या. पंखा ज्याने दिला त्यानेच आपल्या हाताने काढला तर त्यात कोणाचा अपमान होत नाही, आणि आईलाही काही बोलता येणार नाही. फार अवघड नाही. एक पिन सरळ करून ओढायची, एक नट फिरवायचा, पाना मी देतो. अकराचा शेडमध्ये पोत्याखाली झाकून ठेवलाय. आईला काय वाटेल ते कारण सांगा. शर्यतवाल्याने परत मागितला म्हणा. हवं तर आवळायला नेतो म्हणा, मी एक शब्द बोलणार नाही. पण या.

ता. क. २. "तूच घरी जाऊन सांगितलंस" असं मी तिला म्हटल्यावरून मावशी रुसली आहे आणि काही केल्या बोटीत बसायला तयार नाही. त्यामुळे सातच माणसं आहेत. आठवे तुम्ही बसा. त्या संध्याकाळी तुम्ही पुढे बसून ओरडत होतात तेव्हा काय म्हणत होतात ते मला कळलं नव्हतं, पण मलाही तेव्हा फार बरं वाटलं होतं. ताईलाही आणा.

जावईबापूंस, अनेक आशीर्वाद. पत्र उघडं टाकून हा पाकीट आणायला गेलाय म्हणून खालच्या जागेत दोन ओळी लिहिते. त्याचं बोलणं मनावर घेऊ नका. तुमच्या धाकट्या मावससासूबाईंनी मला काही सांगितलं नव्हतं, उगाच त्या बिचारीवर आळ आला. त्या सकाळी मी त्याच्या मागोमाग धक्क्यावर गेले होते आणि बोट परत येताना दिसल्यावरच घरी आले. दुसरा पंखा लावून हा गेला आणि बघता बघता दिसेनासा झाला, तेव्हा मी त्याचा स्वेटर घेऊन पार पाण्याच्या कडेपर्यंत उतरले. तुमचा पंखा काढू देत नव्हते त्यात तुमच्या मानाचा काही संबंध नव्हता. त्या पंख्याने बोट हळू जाते. हळू गेली की मला ती काठावरून शेवटपर्यंत दिसते. नापास झाला तेव्हा मला आनंद झाला, हे त्याला कधी सांगू नका. पण काल बाजारातून येताना तो छापखान्याच्या समोर उभा दिसला. आत जात नव्हता, पुढे जात नव्हता, नुसता उभा होता. ते मला बघवलं नाही. तुम्ही शुक्रवारी या आणि तो पंखा काढा, कागदांवर मी सही करून ठेवली आहे. बोटीत मात्र तुम्ही बसू नका. तुम्ही काठावर थांबा, तिथे कोणीतरी लागतं. आठवी मी बसेन. डोळे मिटून बसेन, पण बसेन.